स्वस्तात बेअरफूट बूट : बेळगाव सीमाभागात पळणाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपो मैदानाच्या झाडांखाली पळून झाल्यावर बूट काढून बसलं, की कुणी ना कुणी येऊन माझ्या बुटाचा तळ दाबून बघतंच. "एवढाच? खडे टोचत नाहीत काय?" तिथून विषय निघतो आणि अर्धा तास संपत नाही. भरतीची तयारी करणारी येळ्ळूर-कडोलीकडची पोरं विचारतात, गुडघे धरलेले निवृत्त काका विचारतात, निपाणी-खानापूरचे ओळखीचे फोन करून विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. मी डॉक्टर नाही. बारा वर्षं पळतोय, त्यातली आठ वर्षं पातळ तळाच्या बुटांत.

बेअरफूट बूट म्हणजे नेमका कसला बूट?

पायाला अनवाणी असल्यासारखं वागू देणारा बूट. नेहमीच्या पळायच्या बुटात टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १२ मिलिमीटर उंच असते. या फरकाला ‘ड्रॉप’ म्हणतात. बेअरफूट बुटात ड्रॉप शून्य असतो, म्हणजे टाच आणि चवडा एकाच पातळीवर. तळ पातळ, बहुधा ३ ते १० मिलिमीटरचा. तो हाताने सहज वळतो. आत कमान उचलून धरणारा उंचवटा नसतो, टाच आवळून धरणारा कडक कप नसतो. आणि बोटांपाशी बूट रुंद असतो.

२०१५ साली संशोधकांनी एकत्र बसून बूट किती ‘मिनिमलिस्ट’ आहे हे ठरवायला पाच गोष्टी धरल्या : वजन, लवचिकपणा, तळाची जाडी, ड्रॉप आणि पाय ‘सरळ’ ठेवण्यासाठी घातलेल्या आधाराच्या युक्त्या. बोटांकडची रुंदी त्यांच्या यादीत नाही. माझ्या यादीत ती सगळ्यात वर आहे. का, ते पुढे येईलच.

हे बूट घातले की दुखापती होत नाहीत, हे खरं काय?

नाही. असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तिथून उठा.

२०१० साली हार्वर्डच्या डॅनिअल लीबरमन यांच्या गटाचा अभ्यास ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला. लहानपणापासून अनवाणी पळणारी माणसं बहुतेक वेळा चवड्यावर किंवा मधल्या पायावर उतरतात आणि जमिनीचा पहिला दणका त्यांना कमी बसतो, असं त्यात दिसलं. त्याने जगभरच्या या बुटांच्या लाटेला जोर आला. पण दणका कमी म्हणजे दुखापत कमी, असं त्या अभ्यासाने सिद्ध केलं नव्हतं. पाच बोटांचे बूट काढणाऱ्या व्हिब्रम कंपनीवर अमेरिकेत खटला झाला. बुटाने पाय बळकट होतो, इजा टळते, या जाहिरातीला पुरावा काय, हा मुद्दा होता. २०१४ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता ३७.५ लाख डॉलर देऊन तो मिटवला.

प्रत्यक्षात ओझं कमी होत नाही, जागा बदलतं. गुडघ्यावरचा काही भार उतरून पोटरीवर, टाचेमागच्या जाड शिरेवर (पोटरी टाचेला जोडणारा अकिलिस टेंडन) आणि चवड्याच्या हाडांवर येतो. ज्याचा गुडघा कुरकुरतो त्याला बरं वाटू शकतं. ज्याची पोटरी आधीच आखडलेली आहे त्याला त्रास होऊ शकतो.

मग घ्यायचेच कशाला?

मी तीन कारणांसाठी घेतो. एक, जमीन कळते. पाय कुठे आपटतोय, कुठे घसरतोय हे जाड फोममध्ये समजत नाही, इथे लगेच समजतं आणि पाऊल आपोआप हलकं पडायला लागतं. दोन, रोजच्या चालण्यातसुद्धा असे बूट वापरले तर तळपायाचे छोटे स्नायू बळकट होतात, हे मोजून पाहिलेलं आहे. तीन, बोटांना जागा मिळते. ऑफिसच्या टोकदार बुटात माझ्या उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटाखाली दडपून गेली होती. नखसुद्धा आडवं वाढायचं. रुंद बुटात दोनेक वर्षं गेल्यावर ती पुन्हा जमिनीला टेकायला लागली. माझ्यासाठी एवढं कारण पुरेसं आहे.

किती पैसे घालावे लागतील?

परदेशी ब्रँडचे खास बेअरफूट बूट मागवले तर आकडा सहज दहा हजारांच्या पुढे जातो. ते चांगले असतात, पण मी स्वतः अजून एकही जोड घेतलेला नाही आणि इथल्या पोरांना घ्या म्हणून सांगत नाही. पायाला सपाट, पातळ, रुंद आणि मऊ एवढंच हवं असतं. या चार गोष्टी आपल्या बाजारात वेगळ्या नावांनी मिळतात.

सगळ्यात स्वस्त म्हणजे शाळेतले पांढरे कॅनव्हासचे पीटी बूट. चार-पाचशेत येतात. तळ सपाट रबराचा, आत पातळ स्पंज. पुढून थोडे निमुळते असतात, म्हणून एक साइज मोठा घ्या आणि नाडी ओवताना बोटांकडची पहिली दोन भोकं मोकळी सोडा. एवढ्यानेच चवडा पसरायला बरीच जागा होते. आतला स्पंजचा तुकडा सुटा असेल तर काढून टाका.

दुसरे कबड्डीचे बूट. मला विचाराल तर सुरुवातीसाठी हेच. हजाराच्या आत-बाहेर मिळतात, तळ सपाट आणि चिकट रबराचा, वजनाला हलके. एकच उणेपण : डांबरी रस्त्यावर तो मऊ रबर लवकर झिजतो. मैदानावर, मातीच्या वाटेवर उत्तम चालतात.

तिसरे कुस्तीचे. तांबड्या मातीत पैलवान अनवाणीच उतरतो, पण मॅटवर बूट लागतात, म्हणून गाव कुस्तीचं असल्याने खेळाच्या सामानाच्या दुकानात ते दिसतात. तळ कागदासारखा पातळ. पण घोट्याच्या वर जातात, उन्हाळ्यात पाय उकडतो आणि बरेचसे जोड पुढून अरुंद असतात. घालून बघितल्याशिवाय घेऊ नका.

चौथे, पाण्यात घालायचे अक्वाशूज. ओढ्याकाठी, बीचवर घालतात तसले. पातळ, लवचिक, लगेच वाळणारे. पावसाळ्यात छोट्या अंतराला चालतात, पण पाय आत सरकतो, त्यामुळे उतारावर पळायला मी ते वापरत नाही.

नेहमीच्या स्पोर्ट्स शूजमधले ‘हलके’, ‘फ्लेक्स’ वगैरे लिहिलेले स्वस्त जोड मात्र नीट बघा. वजनाला हलके असतात, पण टाचेखाली फोमचा ठोकळा असतोच.

दुकानात कसं तपासायचं?

घरून निघताना एक काम करा. पेपरचं पान जमिनीवर पसरा, त्यावर अनवाणी उभे राहा आणि कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ मारायला सांगा. दोन्ही पायांची. उभं राहूनच, बसून नाही, कारण वजन पडल्यावर पाय पसरतो. तो आकार कापून खिशात घाला. दुकानात बुटातला सुटा इनसोल बाहेर काढून त्यावर हा कागद ठेवा. कागद कडेने बाहेर डोकावला तर तो बूट तुमच्या पायाचा नाही, कितीही सवलत असू दे.

गणपत गल्लीतल्या एका दुकानात मी पहिल्यांदा कागद काढला तेव्हा दुकानदार मामा हसले. मग त्यांनी स्वतःच तीन-चार जोडांचे इनसोल काढून लावून बघितले. माझा कागद प्रत्येक ठिकाणी करंगळीच्या बाजूला बोटभर बाहेर येत होता. शेवटी माळ्यावरच्या जुन्या खोक्यातून कबड्डीचा जोड निघाला, त्यात तो बसला. आता ते गिऱ्हाइकाला आधी विचारतात, "कागद आणलाय काय?"

मग बूट हातात घ्या. टोक आणि टाच धरून वाकवा : चवड्यापाशीच नाही, मधोमधही वाकला पाहिजे. कपडा पिळतात तसा पिळून बघा, थोडा तरी पिळला पाहिजे. ड्रॉपसाठी बाहेरून बघून फसू नका, फोमची कड वर चढवलेली असते. एक बोट आत आणि अंगठा बाहेरून तळाला लावून आधी टाचेपाशी चिमटीत धरा, मग चवड्यापाशी. जाडीतला फरक हाताला कळतो.

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडा सुजतो, पळतानाही सुजतो. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा राहिली पाहिजे. सगळ्यात लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, कित्येकांचं दुसरं बोट लांब असतं.

ऑनलाइन मागवताना साइज चुकतो. काय करावं?

आकड्यावर जाऊ नका, सेंटिमीटरवर जा. टाच भिंतीला टेकवून उभे राहा, लांब बोटापर्यंत मोजा, त्यात एक सेंटिमीटर मिळवा. आपल्याकडे लिहिलेला साइज बहुधा ब्रिटिश मोजणीचा असतो. अमेरिकन मोजणीत पुरुषांच्या बुटाचा तोच आकडा एकाने वाढतो, गोंधळ तिथे होतो. शिवाय या दोन्ही पद्धती आपल्या पायावरून बनलेल्या नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, तेव्हा भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. ती बाजारात रुळेपर्यंत ‘वाइड’ लिहिलेलं असेल तर तेच निवडा आणि परत घेण्याची सोय असेल तिथूनच मागवा.

कोल्हापुरी पायताण घालून पळता येईल काय?

चालता येईल आणि चालावंच. सपाट तळ, मोकळी बोटं, हे पायताण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यातलं कितीतरी काम अथणी, निपाणी भागातले कारागीर करतात. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात बेळगाव आहे. आजोबा याच पायताणात दिवसभर शेतात वावरायचे. त्यांच्या पायाची बोटं हाताच्या बोटांसारखी एकमेकांपासून सुटी होती.

पण पळायला नको. टाच मागून धरलेली नसते, त्यामुळे चप्पल सुटू नये म्हणून बोटं सतत आवळली जातात. चामड्याचा तळ ओल्या फरशीवर आणि गवतावर घसरतो. बेअरफूट बुटाची सवय लावताना दिवसभर पायात घालायला मात्र याच्यासारखं काही नाही.

टायरी चपलेचं वेगळं. मेक्सिकोतले ताराहुमारा लोक टायरच्या तुकड्यांना वाद्या बांधून त्यावर मैलोन्‌मैल पळतात. आपली टायरी चप्पल त्याच जातीची, फक्त जड आणि मागून सुटी. मागे पट्टा लावून घेतला तर मातीच्या वाटेवर हळू पळता येतं.

मग तसली सँडल घरी करता येईल?

येते. मी दोन केल्या. बूट-चपलांचं सामान विकणाऱ्यांकडे रबराची शीट मिळते. पाच-सहा मिलिमीटर जाडीचा तुकडा घ्या, पायाचा कागद त्यावर ठेवून कापा. तीन भोकं : एक अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधे, दोन घोट्याखाली दोन्ही बाजूंना. त्यातून नायलॉनची दोरी ओवून टाचेमागून फिरवून बांधा. पुढच्या भोकाखालची गाठ रस्त्यावर घासून तुटते, हा कायमचा त्रास. आमच्या गल्लीतल्या चप्पल दुरुस्त करणाऱ्या काकांनी ती गाठ तापवून चपटी केली आणि भोकाभोवती तळाला खोलगट जागा कोरून तिच्यात बसवली. ती सँडल दोन उन्हाळे गेली. एकूण खर्च दीडशेच्या आसपास.

सुरुवात कशी करायची?

या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पैसे वाचवून घेतलेला बूट घाईत महागात पडतो. मला पडला.

पहिले पातळ बूट घेतले तेव्हा मी आठवड्याला तीस किलोमीटर पळत होतो. म्हटलं, आपल्याला सवय आहे. दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्यावर येळ्ळूरला जाऊन परत आलो. पळताना काही वाटलं नाही, उलट फार मजा आली. तिसऱ्या दिवशी पायाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे, सूज. बोटाने दाबलं की एका ठिकाणी जीव जायचा. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही, मुरगळलंय म्हणून गोळ्या मिळाल्या. मी पळत राहिलो. तीन आठवड्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा एक्स-रे काढला तेव्हा हाडावर भरून येणारी तड दिसली. सहा आठवडे पळणं बंद. अशी तड पहिल्या एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असू द्या.

कारण असं : दम आणि स्नायू लवकर तयार होतात, शिरा आणि हाडं मागून येतात. नवा भार पडला की हाड आधी थोडं झिजवलं जातं आणि मग जास्त मजबूत बांधलं जातं. मधल्या आठवड्यांत ते नेहमीपेक्षा कच्चं असतं, आणि आपण नेमके तेव्हाच उत्साहात असतो.

म्हणून पहिले दोन आठवडे फक्त चाला. घरात अनवाणी, बाजाराला या बुटात. तिसऱ्या आठवड्यापासून, आठवड्यातून दोनदा-तीनदा, नेहमीच्या पळण्याच्या शेवटी बूट बदलून चारशे-पाचशे मीटर. दुसऱ्या दिवशी पोटरी ठणकली तर तो दिवस सोडा. न ठणकता आठवडा गेला तरच थोडं वाढवा. पूर्ण पळणं या बुटात यायला चार ते सहा महिने धरा. दात घासताना एका पायावर उभं राहणं आणि पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा वर-खाली करणं, पंधराचे तीन फेरे, हे रोज करा. उतरताना सावकाश.

पोटरी दोन्ही पायांची सारखी दुखली तर ती सवयीची. एकाच पायात, एकाच बिंदूवर, दाबल्यावर दुखलं तर थांबा आणि हाडाच्या डॉक्टरांकडे जा.

टाच टेकवायचीच नाही काय?

टेकवायची. चवड्यावर उतरा असं ऐकून पोरं टाच हवेत ठेवून नाचल्यासारखी पळतात आणि आठवड्यात पोटरी धरून बसतात. पाऊल शरीराखाली पडू दे, चवडा हलकेच आधी लागू दे, मग टाच टेकू दे. हे जमवायला सोपा मार्ग म्हणजे पावलं छोटी आणि भरभर टाकणं. अर्ध्या मिनिटात दोन्ही पायांची पावलं मोजा. पंचाहत्तर येत असतील तर ऐंशी-पंच्याऐंशीकडे न्या. आणि कान द्या : पाऊल वाजत असेल तर आपटताय.

भरतीच्या १६०० मीटरसाठी हे बूट घेऊ काय?

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, घराघरात भरतीची स्वप्नं आहेत, त्यामुळे हा प्रश्न मी फार जपून घेतो. भरती तीन-चार महिन्यांवर आली असेल तर बूट बदलू नका. ज्यावर सराव केलाय त्यावरच पळा. या दिवसांत पायाच्या हाडाला तड गेली तर वर्ष जातं, आणि वयाची अट कुणासाठी थांबत नाही.

वर्षभर हातात असेल तर जरूर या. आठवड्यातून दोनदा गवतावर शंभर मीटरच्या आठ-दहा सोप्या धावा या बुटात करा, बाकी सराव नेहमीच्या बुटात. सोळाशे मीटरची वेळ बुटाने फारशी कमी होत नाही, सरावाने होते. घरच्यांना महागड्या बुटासाठी पैसे मागू नका, ते दुधा-अंड्यांत घाला.

आपल्या रस्त्यांवर, पावसात कसं जमायचं?

खानापूर, जांबोटीकडे जांभ्याची तांबडी वाट पावसाळ्यात घट्ट राहते, पण शेवाळ धरते. उत्तरेला चिकोडी, अथणीकडे काळी माती. पहिल्या पावसानंतर ती बुटाला किलोभर चिकटते आणि पातळ बूट पायातून ओढून घेते. तिथे पावसाळ्यात डांबरी रस्ताच बरा.

खरा शत्रू काटे. बाभळीचा काटा पातळ तळातून आरपार येतो. सराटे सुगीनंतर बांधाबांधाने पडलेले असतात, ते तळात रुततात आणि पुढच्या पावलाला आत शिरतात. कुसळं कॅनव्हासमधून मोज्यात घुसतात. बांधावरून पळायचं असेल तर जाड तळाचेच बूट घाला, यात कमीपणा काही नाही. काटा लागला तर जखम धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा.

पावसात ओल्या बुटात पाय राहिला की बोटांच्या मधे चिखल्या होतात. घरी आल्याबरोबर पाय धुवून बोटांमधली जागा कोरडी करा, बुटात पेपरचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. चुलीपाशी वाळवू नका, गोंद सुटतो.

कुणी हे बूट वापरू नयेत?

मधुमेहाने तळपायाची संवेदना कमी झालेल्यांनी अजिबात नाही. त्यांना खडा टोचलेला कळत नाही आणि छोटी जखम पाय घेऊन जाते. टाचेमागची शीर दुखत असेल, तळपायाला किंवा टाचेला सकाळी उठल्यावर कळ येत असेल, नुकतं हाड मोडून जुळलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. वजन बरंच जास्त असेल तर पळू नका, चालण्यापासून धरा.

सपाट पायांचं काय?

बसल्यावर किंवा चवड्यावर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल तर पाय लवचिक सपाट आहे, सावकाश वाढवत त्यांनाही जमतं. कधीच दिसत नसेल किंवा दुखत असेल तर तपासून घ्या.

लहान मुलांना चालतील?

मुलांना घरात-अंगणात अनवाणी खेळू द्या. बूट लागेल तिथे सपाट, रुंद आणि वाकणारा द्या. दर दोन-तीन महिन्यांनी बोटापुढची जागा चाचपा.

मग सरळ अनवाणीच का पळू नये?

पळतात की. इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी १९६० साली रोमची ऑलिम्पिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली. चार वर्षांनी टोकियोत त्यांनीच बूट घालून पुन्हा सुवर्ण घेतलं, हे सांगायचं लोक विसरतात. बारामतीच्या लता करे नऊवारी नेसून अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या, ते आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे.

स्वच्छ मैदानावर, सकाळच्या ओल्या गवतावर आठवड्यातून एकदा दहा मिनिटं अनवाणी पळा. हलकं पाऊल त्यातून जितकं लवकर शिकता येतं तितकं कुठल्याच बुटातून नाही. रस्त्यावर मात्र काचा, तारा आणि दुपारचं तापलेलं डांबर आहे.

असे बूट टिकतात किती?

यांच्यात दबून बसायला फोमच नसतो, त्यामुळे ‘इतके किलोमीटर झाले, फेका’ हा हिशेब इथे लागत नाही. तळ झिजेपर्यंत चालतात. पीटी बूट कापडापाशी आधी फाटतो, करंगळीच्या बाजूला, जिथे रबराची पट्टी कॅनव्हासला चिकटवलेली असते. भेग दिसल्याबरोबर शिवून आणा. पंधरा-वीस रुपयांचं काम आहे, उशीर केला तर टाका धरायला कापड उरत नाही. कबड्डीच्या बुटाचा तळ चवड्याखाली गुळगुळीत झाला की तो ओल्या रस्त्यावर घालू नका. माझा पहिला जोड तसाच झालाय. तो आता फक्त परसात झाडांना पाणी घालताना पायात असतो.